तारीख कोणाची, तयारी कोणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या कार्यालयात होतो त्याचे नाव येथे देत नाही. सेवानियमांची मर्यादा आहेच, शिवाय ही गोष्ट कोणत्याही कार्यालयात घडू शकते आणि घडत असते. एका अर्थसाहाय्याच्या योजनेसाठी नवे संकेतस्थळ तयार होत होते. चाचणी घेणाऱ्या मंडळींनी दोषांची एक यादी दिली. तीत एक दोष असा होता की अर्जातील 'आडनाव' ही चौकट भरणे सक्तीचे होते.

आपल्याला यात काय वावगे वाटणार? स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, ही तीन पदरी रचना आपल्या अंगवळणी पडलेली. पण महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे की तामिळनाडूत असंख्य लोकांना आडनाव नसतेच. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावले की नाव पूर्ण होते. ईशान्येत आणि आदिवासी पट्ट्यातही एकाच शब्दाच्या नावाची माणसे भेटतात. चौकट रिकामी राहिली की अर्ज पुढे सरकत नसे. मग सेवाकेंद्रातला मुलगा त्या चौकटीत तेच नाव पुन्हा लिही किंवा नुसते एक टिंब देई. त्यामुळे बँकेतले नाव आणि अर्जातले नाव जुळत नसे आणि पैसे आले तसे परत जात.

हा दोष लोकार्पणाच्या आधी कळला होता. परंतु तारीख ठरलेली होती. मान्यवरांची वेळ मिळाली होती, सभागृह आरक्षित होते, निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या. फाईलवर टिपणी आली: 'सदर बाब पुढील टप्प्यात विचारात घेता येईल.' त्या टिपणीखाली तीन सह्या आहेत. त्यांतली एक माझी आहे.

पुढचा टप्पा यायला बरेच महिने लागले. दरम्यान एक वृद्ध बाई नातवाला सोबत घेऊन कार्यालयात आल्या. त्यांचे पैसे तीनदा परत गेले होते. पडद्यावर त्यांच्या अर्जापुढे 'अपूर्ण' असा शेरा होता. नातवाने मला विचारले, "आजीचे नाव अपूर्ण आहे म्हणजे काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. नाव पूर्ण होते. अपूर्ण होते ते आमचे काम.

त्या सहीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. एखादी संगणक-प्रणाली जनतेपुढे ठेवण्याइतकी तयार झाली, हे कोणी ठरवावे? ज्याला तारीख पाळायची आहे त्याने, की ज्याला दोष ठाऊक आहेत त्याने? सरकारी व्यवस्थेत हे दोघे एकच असतात, किंवा दुसरा पहिल्याच्या हाताखाली असतो. माझ्या मते आपल्या संगणकीकरणाचे हेच मूळ दुखणे आहे. पैसा, तंत्रज्ञ, यंत्रे या गोष्टी त्यानंतर येतात.

मालक नसलेले घर

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके चाळली, पण समाधानकारक उत्तर सापडले ते एका अशा संस्थेत जिला ना मालक आहे, ना पगारपत्रक. तिचे नाव डेबियन.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक-प्रणाली आहे. इयान मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. आज जगभर विखुरलेले सुमारे एक हजार विकासक ती सांभाळतात. या कामाचा पगार प्रकल्प त्यांना देत नाही. प्रकल्पाची लिखित घटना १९९८ पासून आहे आणि नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये या मंडळींचे वार्षिक संमेलन आपल्या कोचीत भरले होते. आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची 'ट्रिक्सी' नावाची १३वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत ६९,८३० पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे एकेका सॉफ्टवेअरचे नीट बांधून, नाव-क्रमांक लावून ठेवलेले गाठोडे. गाठोड्यांचा सांभाळ करणारे वेगवेगळे आणि एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून. एवढा पसारा कोणीही कोणाची वेतनवाढ रोखू शकत नसताना, ठरल्या शिस्तीने एका आवृत्तीत कसा बसतो? प्रशासनातल्या माणसाने हे कौतुकाने नव्हे, थोडे शरमेने पाहावे असे आहे.

प्रकल्पाच्या बालपणीचा एक किस्सा येथे सांगण्यासारखा आहे. १९९५ च्या डिसेंबरात सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, घडणीतली प्रत उचलून '१.०' या नावाने बाजारात आणली. 'आता नाव झालेच आहे तर तीच खरी मानू' असे प्रकल्पाला म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. १.० हा क्रमांकच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये पहिली खरी आवृत्ती १.१ या क्रमांकाने आणली. अपुऱ्या कामाला पूर्णत्वाचा क्रमांक द्यायचा नाही, हा संस्कार तेव्हापासूनचा.

तीन पायऱ्या आणि एक नकार

डेबियनमध्ये कोणतेही नवे काम तीन पायऱ्या चढते. पहिली पायरी 'अनस्टेबल', म्हणजे अस्थिर. तिचे टोपणनाव 'सिड'. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देतात आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. दुसरी पायरी 'टेस्टिंग', म्हणजे चाचणीतील. ती २००० साली आली. तिसरी 'स्टेबल', म्हणजे स्थिर. सर्वसामान्य माणसाने वापरावी अशी ही आवृत्ती.

पहिलीवरून दुसरीवर कोण जाणार हे कोणाच्या मर्जीवर नाही. पॅकेजला तातडीनुसार सर्वसाधारणपणे २, ५ किंवा १० दिवस पहिल्या पायरीवर काढावे लागतात. त्या काळात कोणताही नवा गंभीर दोष नोंदवला गेलेला नसावा, वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांसाठी ते नीट बांधले गेलेले असावे आणि त्याच्या जाण्याने इतर पॅकेजे मोडता कामा नयेत. हे तपासण्याचे काम एक आज्ञावली करते. तिला कोणाची ओळख नसते आणि तिच्याकडे वशिला चालत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट 'रिलीज टीम', म्हणजे आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्यांची छोटी तुकडी. निवडून आलेला नेता तिला अधिकार सोपवतो. पॅकेज लिहिणारा कितीही नामवंत असो, 'हे या आवृत्तीत जाणार नाही' असे ही तुकडी त्याला सांगू शकते. ज्याने घडवले त्याला 'तयार आहे' असे म्हणण्याचा एकट्याचा हक्क नाही. घडवणारा आणि पारखणारा वेगळे. सोनारानेच आपल्या सोन्याचा कस सांगायचा नसतो, हे आपल्या आजीलाही कळत होते. आपल्या निविदांना ते अजून कळलेले नाही.

दोषांची वही तर सगळ्यांसाठी उघडी. १९९७ साली स्वीकारलेल्या आपल्या सामाजिक करारात डेबियनने जाहीर वचन दिले की आम्ही अडचणी लपवणार नाही. तेव्हापासून कोणीही, अगदी तुम्ही-आम्हीही, दोष नोंदवू शकतो आणि तो इतरांना तत्काळ दिसतो. आवृत्तीला अडवण्याइतका गंभीर दोष वेळेत दुरुस्त झाला नाही, तर २०१३ पासून ते पॅकेज चाचणीच्या पायरीवरून आपोआप उतरवले जाते. इतरांचा आधार असलेली काही मोजकी पॅकेजेच त्याला अपवाद आहेत.

या सावकाश चढण्याचा उपयोग काय, हे २०२४ साली जगाला कळले. 'एक्सझेड' नावाच्या, बहुतेकांनी नावही न ऐकलेल्या एका साधनात कोणीतरी चोरदार ठेवले होते. ठेवणाऱ्याने टोपणनावाने सुमारे दोन वर्षे काम करून, विश्वास संपादन करून ते साधन सांभाळण्याचा अधिकार मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या माहितीकोषाचे विकासक अस्थिर डेबियनवर काही मोजमाप करीत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच त्यांना खटकले. त्यांनी धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. तोपर्यंत ते चोरदार डेबियनच्या पहिल्या दोन पायऱ्या चढून गेले होते. तिसरीवर, म्हणजे जगभरचे सर्व्हर जिच्यावर विसंबतात तिच्यावर, ते पोचले नव्हते. डेबियनने स्थिर आवृत्तीची आखलेली किरकोळ सुधारित आवृत्तीदेखील पुढे ढकलली आणि आधी घर तपासले. 'उशीर' या शब्दाला आपण जे एकच वाईट रूप देऊन ठेवले आहे, त्याचा येथे फेरविचार व्हावा.

गोठवण

आता तारखेकडे वळू. डेबियनमध्ये तारीख नसते असा समज आहे. तो चूक आहे. तेथे तारीख असते, पण ती उद्घाटनाची नसते. बदल थांबवण्याची असते. तिला ते 'फ्रीज' म्हणतात. आपण गोठवण म्हणू.

ट्रिक्सीचे उदाहरण घ्या. १५ मार्च २०२५ पासून मोठे, इतरांना हलवणारे बदल बंद झाले. १५ एप्रिलपासून केवळ लहान, नेमक्या दुरुस्त्या चालू राहिल्या. १५ मेपासून गोठवण आणखी कडक झाली. २७ जुलैपासून प्रत्येक बदलाला रिलीज टीमची परवानगी अनिवार्य झाली आणि ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली. गोठवणीनंतर कोणाला काही बदलायचे असेल तर लेखी अर्ज करावा लागतो, नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते सोबत जोडावे लागते आणि तो अर्ज व त्यावरचा निर्णय दोन्ही सर्वांना दिसतात. आपल्या फाईलवरची टिपणी याहून वेगळी नाही, फरक इतकाच की आपली टिपणी कपाटात जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात जुनी ओळख पटते. फिन कीडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ साली एक निबंध लिहिला आणि २००४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी दिलेले एक उदाहरण पूररेषेचे आहे. सरकार सांगते, पूरक्षेत्रात घरे बांधू नका, आम्ही बांध घालणार नाही. लोकांना ठाऊक असते की घरे उभी राहिली की सरकार नाइलाजाने बांध घालणारच. म्हणून घरे उभी राहतात. तात्पर्य, त्या त्या वेळी जे सोयीचे ते करण्याची मुभा ठेवली तर आधी दिलेला शब्द कोणी खरा मानीत नाही. आपल्या कंत्राटदारालाही नेमके हेच ठाऊक असते. लोकार्पणाची तारीख हलणार नाही, मान्यवर येणारच, तेव्हा काम कसेही असले तरी अधिकारी सही करणारच. मग तो चाचणीवर खर्च का करील? स्वीकृतीची अट निविदेत असते, पण ती सोडून दिली जाईल हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत असते.

गोठवण ही कल्पना भारतीय प्रशासनाला नवी नाही, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस उलटला की निवडणूक पूर्ण होईपर्यंत मतदारयादीत नाव घालता वा काढता येत नाही. हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे आणि ते मोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जनगणनेपूर्वी जिल्हे, तालुके, गावे यांच्या सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर सीमा बदलू नयेत असे ठरले. पण २०२१ ची गणना लांबली तेव्हा हीच गोठवण २०१९ च्या अखेरीपासून पुढे पुढे सरकत जून २०२४ पर्यंत आली होती. पुढचे काम कधी सुरू होणार हे ठरलेले नसेल, तर गोठवणीला अर्थ उरत नाही. म्हणजे या हत्याराचा गुण आणि दोष आपण दोन्ही अनुभवले आहेत. केवळ संगणक-प्रणालीच्या दारात आलो की आपण ते विसरतो.

आक्षेप

पहिला आक्षेप उघड आहे. 'तयार झाल्यावर' म्हणता म्हणता काम कधीच होत नाही. खरे आहे. डेबियनची ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची ३.१ यायला जून २००५ उजाडला. तीन वर्षे! वापरणारे कंटाळले. याच काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनवरच आधारलेली पण दर सहा महिन्यांनी येणारी उबुंटू जन्मली. डेबियनमध्ये २००६ साली एक प्रयोग झाला. डिसेंबरात आवृत्ती यावी म्हणून रिलीज सांभाळणाऱ्यांना बाहेरून निधी उभारून मानधन देण्याचे ठरले. काही स्वयंसेवक नाराज झाले, वाद पेटला आणि ती आवृत्ती शेवटी ८ एप्रिल २००७ रोजी आली. पैशाने तारीख विकत मिळत नाही, हा धडा येथेही लागू आहे. पुढे २००९ मध्ये त्यांनी ठराविक काळाने गोठवण करण्याचे धोरण जाहीर केले. पहिली तारीख विरोधामुळे मागे घ्यावी लागली, पण धोरण रुजले. २०११, २०१३, २०१५ असे करीत २०२५ पर्यंत दर विषम वर्षी एक आवृत्ती आली आहे. उशिराचा रोग त्यांना होता. त्यांनी तो दर्जा सोडून नव्हे, तर गोठवण आधी ठरवून बरा केला.

तारीख पाळण्याचा अभिमान असलेल्या उबुंटूनेही एप्रिल २००६ ची आवृत्ती सुमारे सहा आठवडे लांबवली. म्हणून तिचा क्रमांक ६.०४ ऐवजी ६.०६ आहे. ती दीर्घकाळ आधार देण्याची आवृत्ती होती आणि पाया कच्चा राहू नये असे त्यांना वाटले. तो क्रमांकच त्या उशिराची जाहीर कबुली आहे. आपल्या कोणत्या संकेतस्थळाने आपला उशीर असा नावात मिरवला आहे?

दुसरा आक्षेप असा की एवढी शिस्त असूनही चुका होतातच. होतात. २००६ मध्ये डेबियनच्याच एका बदलामुळे सुरक्षा-किल्ल्या तयार करणारे यादृच्छिक अंक अंदाज करता येण्याजोगे झाले. तो दोष तिन्ही पायऱ्या चढून स्थिर आवृत्तीत गेला आणि १३ मे २००८ रोजी उघडकीस आला. जगभर असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. मी हे लपवीत नाही, कारण त्यांनीही लपवले नाही. चूक आमची आहे, किल्ल्या अशा तपासा आणि अशा बदला, हे त्यांनी स्वतः जाहीर केले. शिस्तीमुळे चुका शून्य होत नाहीत. चूक कोठे शिरली ते शोधता येते. आमच्या त्या आडनावाच्या चौकटीची गोष्ट मात्र आजही फक्त एका फाईलमध्ये आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. सरकारच्या तारखा कायद्याने ठरतात, त्या हलवणे अधिकाऱ्याच्या हातात नसते. मान्य. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू व्हायचा होता आणि झाला. परंतु तारीख हलत नसेल तर आवाका हलवता येतो. डेबियनमध्ये जे पॅकेज तयार नाही ते मागे राहते, गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. वस्तू व सेवा करातही अखेर तेच करावे लागले. विवरणपत्रांची नियोजित मालिका व्यापाऱ्यांना आणि प्रणालीला पेलेना, सप्टेंबर २०१७ मध्ये संगणकीय अडचणींसाठी मंत्रिगट नेमला गेला आणि नोव्हेंबरात दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाची विवरणपत्रे स्थगित झाली. निर्णय योग्यच होता. पण जे ओझे जूनमध्ये उतरवता आले असते ते नोव्हेंबरात उतरवले आणि मधले महिने छोट्या व्यापाऱ्याने व त्याच्या हिशेबनिसाने रात्री जागून काढले.

जून २०२१ चा प्राप्तिकराचा अनुभवही आठवावा. १ ते ६ जून जुने संकेतस्थळ बंद ठेवून ७ जूनला नवे सुरू झाले. परतीचे दार उरले नाही. नव्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि सप्टेंबरात करदात्यांच्या अडचणी लक्षात घेऊन विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. डेबियनमध्ये नवी आवृत्ती आली तरी जुनीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात, सवडीने घर बदलता येते. आपण भाडेकरूचे सामान रस्त्यावर ठेवून मग नव्या घराची किल्ली शोधतो.

या साऱ्याच्या मुळाशी अर्थशास्त्रातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. अपुरी प्रणाली सोडण्याचा लाभ सोडणाऱ्याला मिळतो आणि खर्च दुसऱ्यावर पडतो. कार्यक्रमाचे छायाचित्र आमच्या वार्षिक अहवालात येते. सेवाकेंद्राबाहेर बुडालेला रोज, तीनदा दिलेले बसभाडे, परत गेलेला हप्ता यांची नोंद कोणत्याही लेखाशीर्षाखाली होत नाही. कारखान्याच्या धुराला आपण बाह्य खर्च म्हणतो. हा आमच्या कार्यालयांचा धूर आहे.

काय करावे

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. चांगले केले. त्यामुळे परवान्यांचा खर्च वाचतो आणि एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही. पण आपण घरात फुकटचे बियाणे आणले आणि पेरणीचे वेळापत्रक मात्र बाहेरच ठेवले. माझ्या मागण्या पाच आहेत. त्यांना नवा कायदा लागत नाही.

१) लोकार्पणाच्या तारखेआधी गोठवणीची तारीख ठरावी आणि ती करारात असावी. त्यानंतर नवी मागणी, मग ती कितीही वरून आलेली असो, पुढच्या आवृत्तीत जावी. गंभीर दोष संपल्याचे लेखी आल्याखेरीज मान्यवरांची वेळ मागू नये.

२) 'तयार आहे' हे सांगणारा अधिकारी प्रकल्पप्रमुखाच्या गोपनीय अहवालाखाली नसावा. हे अशक्य नाही. सुरक्षा-तपासणीचे प्रमाणपत्र नसेल तर एनआयसी संकेतस्थळ आपल्या सर्व्हरवर ठेवून घेत नाही आणि त्या अटीपुढे मोठमोठे सचिव निमूट थांबलेले मी पाहिले आहेत. दर्जा तपासणारे एसटीक्यूसी संचालनालयही सरकारजवळ आहे. जो नकार सुरक्षेला चालतो तो उपयुक्ततेलाही चालला पाहिजे.

३) ज्ञात दोषांची यादी त्याच संकेतस्थळावर जाहीर असावी. डेबियन प्रत्येक आवृत्तीबरोबर 'हे ध्यानात ठेवा' असे प्रकरण देते. आडनाव नसेल तर काय करावे, एवढी एक ओळ आम्ही दिली असती तरी पुष्कळ हेलपाटे वाचले असते.

४) जे तयार नाही ते काढून ठेवावे. दहांपैकी सात सेवा नीट चालणे हे दहाही अडखळत चालण्यापेक्षा बरे. अपुरी सेवा मागे ठेवण्याला अपयश मानू नये आणि अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात तसे लिहू नये.

५) पायऱ्या असाव्यात. आधी वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या नावांच्या पद्धतीचे दोन-तीन जिल्हे घ्यावेत, मग राज्य, मग देश. तोवर जुनी पद्धत चालू ठेवावी. दिल्लीच्या वातानुकूलित खोलीत चाललेली प्रणाली देशभर चालेल असे मानणे म्हणजे अस्थिर पायरीवरची वस्तू थेट जनतेच्या हातात देणे.

माझे काही सहकारी म्हणतील की हौशी स्वयंसेवकांचा नियम राज्यकारभाराला लावता येत नाही. मला तर उलट वाटते. ज्याला डेबियन आवडत नाही तो उद्या दुसरी प्रणाली घेऊ शकतो. आमच्या त्या आजींना दुसरे सरकार निवडून दुसऱ्या संकेतस्थळावर अर्ज करता येत नव्हता. ज्याच्या ग्राहकाला पर्याय नाही त्याच्यावर शिस्तीचे बंधन अधिक असावे, कमी नव्हे.

आडनावाची ती चौकट आता सक्तीची नाही. त्या आजींची थकबाकीही मिळाली, असे मला नंतर कळले. त्या टिपणीवर 'सहमत नाही' असे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला त्या दिवशीही होता आणि तो मी वापरला नाही. आता अशी फाईल समोर आली की मी आधी दोषांची यादी मागवतो. पण असा नकार एखाद्या अधिकाऱ्याच्या पश्चात्तापावर अवलंबून राहता कामा नये. तो नियमात असला पाहिजे.